पुरवणीचा आषाढ

आषाढ लागला की माझी चिडचिड सुरू होते. या दिवसांत लोकांना म्हणे कविता सुचतात. मुळशीतल्या पावसाचं कौतुक करणारा माणूस एक तर शनिवारी पुण्याहून ताम्हिणीला निघालेला असतो, नाहीतर त्याचे कपडे घरात दुसरं कोणीतरी वाळवत असतं. आमच्याकडे आषाढ म्हणजे फुगून न लागणारी दारं, फळ्यावर न उमटणारा ओला खडू, कपाटातल्या चपलांवर आलेली पांढरी बुरशी आणि पुरवणी परीक्षा.

पुरवणी म्हणजे मार्चात दहावीला ज्यांचे एखाददोन विषय राहिले, त्यांची फेरपरीक्षा. ती नेमकी भातलावणीच्या दिवसांत येते. वेळापत्रक करणाऱ्या माणसाच्या घरी भात पिकत नसावं. मी गेली चोवीस वर्षं पौडजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. इंग्रजीच्या पेपरला इंग्रजीच्याच बाईंना वर्गात सोडत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत एकटी बसते. कालही बसले होते. खिडकीतून समोर दोन खाचरं दिसतात. पूर्वी सात दिसायची, आता बाकीच्यांना बंगल्यांची कुंपणं आहेत. त्या दोन खाचरांत मेणकापड पांघरलेल्या बायका वाकून, मागंमागं सरकत लावणी करत होत्या. पेपर सुटल्यावर शिपायानं एक प्रश्नपत्रिका आणून टेबलावर ठेवली. मी सवयीनं आधी व्याकरणाचा प्रश्न काढला. योग्य ते आर्टिकल भरा. ए, ॲन, द. तीन रिकाम्या जागा होत्या आणि त्यातल्या एकीच्या पुढे पाणी हा शब्द होता. मी प्रश्नपत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली आणि मग दिवसभर माझं कशातच लक्ष लागलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात माझी भावजय रंजना याच परीक्षेला बसली होती. रंजना म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दत्ताची बायको. माले गावात माझं माहेर आहे, तिथं ती आणि दत्ता राहतात. मी लग्नानंतर पौडला आले. रंजना तेव्हा सदतीस वर्षांची होती आणि उरवड्याच्या एका कारखान्यात रबराचे भाग तपासायचं काम करायची. नऊ वर्षं करत होती, पण ठेकेदाराच्या हाताखाली. त्या वर्षी कारखान्यानं ठरवलं की जुन्या बायकांमधल्या ज्यांची दहावी झाली आहे त्यांना कायम करायचं, आणि बाकीच्यांच्या जागी गणपतीनंतर नव्या मुली घ्यायच्या. रंजना शाळेत असताना दहावीत इंग्रजीत नापास झाली होती. मग तिनं बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, वीस वर्षांनी पुस्तकं उघडली, आणि मार्चात सगळे विषय सोडवले. गणितातसुद्धा. इंग्रजी तेवढं पुन्हा राहिलं. पुरवणीच्या निकालापर्यंत कारखाना तिच्यासाठी थांबणार होता. त्यापुढे नाही.

"ताई, आता तुमच्या हातात हाय," ती मला म्हणाली. मला तेव्हा ते ऐकायला बरं वाटलं होतं.

पहिली पाळी सुटली की कंपनीची बस तिला पौडच्या फाट्यावर सोडायची. चारच्या सुमाराला ती शाळेत यायची. मुलं गेलेली असायची. दुसऱ्या वर्गाच्या छपरातून दोन ठिकाणी पाणी गळायचं, तिथं बादल्या ठेवलेल्या असायच्या. त्या दोन बादल्यांच्या मधल्या बाकावर आम्ही बसायचो. रंजनाच्या अंगाला रबराचा उग्र वास यायचा आणि नखांच्या कडा काळ्या असायच्या. ती वही उघडण्याआधी हात पदराला पुसायची. रोज पुसायची, रोज पानावर बोट उमटायचंच.

धडे तिला यायचे. प्रश्नांची उत्तरं ती शोधून लिहायची. घोडं अडायचं ते ए, ॲन आणि द पाशी, आणि त्यातही न मोजायच्या नावांपाशी. आता हा प्रकार मुळातच किती वैताग आणणारा आहे ते आम्हा शिकवणाऱ्यांनाच माहीत. मोजता येतं त्या नावाच्या आधी एकटं असेल तर ए किंवा ॲन. मोजता येत नाही त्याच्या आधी काही नाही. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि निस्तरायला जन्म जातो. कारण काय मोजता येतं आणि काय नाही, हे इंग्रजांनी आपल्याला विचारून ठरवलेलं नाही. आपल्याकडे तांदूळ निवडले, पोहे भिजवले, केस विंचरले. सगळे अनेक. त्यांच्याकडे हे सगळं एक, आणि एक असून त्याला एकही म्हणायचं नाही.

"तांदूळ मोजता येत न्हाईत असं कोन म्हनलं?" रंजनानं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"कोणी कशाला म्हणायला पाहिजे? तू मोजशील का?"

"निवडताना मोजतोच की. खडा येक, तांदूळ येक."

मी पुढच्या उदाहरणावर गेले. माझं नशीब असं की पुढचं उदाहरण फर्निचरचं होतं.

"खुर्ची मोजायची?" ती म्हणाली.

"हो."

"टेबल?"

"तेही मोजायचं."

"कपाट?"

"हो गं."

"आन समदं टेंपूत भरलं की मोजायचं न्हाई?"

"फर्निचर म्हटलं की नाही."

"मंग ही लोकं घर बदलताना काय करत्यात? काय मागं ऱ्हायलं ते कळतं कसं?"

आज हे आठवून हसू येतं. तेव्हा मला हसू आलं नव्हतं. मी शाळा सुटल्यावर तासभर जास्तीची बसलेली, गळणाऱ्या छपराखाली, घरी स्वयंपाक व्हायचा होता, आणि समोर एक बाई बिनतोड प्रश्न विचारत होती. मी तिला म्हटलं, "रंजना, हे समजून घ्यायचं नसतं. हे पाठ करायचं असतं." शिक्षकाच्या तोंडून निघू नये असं ते वाक्य होतं आणि ते माझ्या तोंडून अगदी सहज निघालं.

पण ती हुशार होती. पुढच्या आठवड्यात ती बाकावर बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, मला गावलंय." तिनं स्वतःचा नियम बनवून आणला होता. जे पायलीनं किंवा शेरानं मापायचं, त्याला ए लावायचा नाही. जे नगावर मोजून द्यायचं, त्याला लावायचा. तांदूळ पायलीनं, पीठ पायलीनं, दूध शेरानं, तेल शेरानं, वाळू घमेल्यानं. अंडी नगावर, नारळ नगावर, कोंबडी नगावर. त्या दिवशी तिनं बारापैकी अकरा रिकाम्या जागा बरोबर भरल्या. मी चोवीस वर्षांत जे नियम फळ्यावर लिहून झिजवले, त्यांच्यापेक्षा तो नियम चांगला होता. मला ते कबूल करायला हवं होतं. मी म्हटलं, "सल्ला कशानं मापतात? बातमी कशानं मापतात?" तिचा चेहरा पडला. असं बोलून मला काय मिळालं कुणास ठाऊक.

द मात्र तिला लगेच कळला. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल, दोघांनाही माहीत असेल, तर द. "म्हंजी वळखीचं झालं की द," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. नुसतं पाणी म्हटलं तर काही नाही, पण धरणातलं पाणी म्हटलं तर द. ती म्हणाली, "त्ये तर समद्यांच्याच वळखीचं हाय," आणि लिहून मोकळी झाली.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते कामावरून. तिनं कुठल्याशा वाक्यात काम या शब्दाआधी ए लावला होता आणि मी त्यावर लाल गोल काढला.

"काम मोजत नाहीत," मी सांगितलं.

"कोन म्हनतं? आमच्या लाइनीवर दर तासाला सुपरवायझर येऊन मोजतो. किती नग झालं, किती ऱ्हायलं. येक कमी पडला तर सगळ्यांदेखत बोलतो."

"ते नग झाले. काम नाही."

"मंग काम कुटं असतं, नग सोडून?"

उत्तर येत नसलं की मी आवाज चढवते, हे माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांना ठाऊक आहे. मी आवाज चढवला. रंजनानं तो ए खोडला, इतका गिरवून खोडला की पान फाटलं.

मी अशी का वागते, याचा मी बऱ्याचदा विचार करते. पिरंगुटपासून घाटापर्यंत रस्त्यानं जाताना माझे डोळे पाट्यांवर असतात. प्लॉट विकणाऱ्यांच्या पाट्या, रिसॉर्टच्या पाट्या, मक्याच्या कणसांच्या गाड्यांवरच्या पाट्या. एका धाब्यावर लिहिलंय, ऑल राइसेस अव्हेलेबल. दरवेळी ते वाचून माझ्या कपाळावर आठी पडते. त्या पाटीमुळे आजवर कोणी उपाशी परत गेलेलं नाही. पावसाळ्यात तिथं बसायला जागा मिळत नाही. तरी मला बसमधून उतरून तो शेवटचा एस खरवडून काढावासा वाटतो.

याचं मूळ मला माहीत आहे. बी. ए. ला मी पुण्यात हॉस्टेलवर राहायचे. माल्याहून तोपर्यंत कॉलेजला गेलेली मी पहिलीच मुलगी. पहिल्या वर्षी वर्गात सरांनी काहीतरी विचारलं आणि मी उठून सांगितलं की माझ्याकडे ए गुड न्यूज आहे. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मान वळवली, शेजारणीकडे बघितलं आणि माझे ते शब्द हळूच परत म्हणाली. अख्खा बाक हसला. ती चांगली बातमी काय होती तेसुद्धा मला आता आठवत नाही, हसणं तेवढं आठवतं. त्या दिवसापासून मी एकही आर्टिकल चुकवलेलं नाही, आणि दुसऱ्या कोणाचं चुकलेलं सोडलेलं नाही. याला मी आजवर शिस्त म्हणत आले. ती भीती आहे, आणि मी ती चोवीस वर्षं पगार घेऊन वाटते आहे.

रंजनाच्या त्या वेळच्या वह्या माझ्याकडेच राहिल्या. तिनं परत मागितल्या नाहीत. सुरुवातीला मी तिला माझा दिवस या विषयावर लिहायला सांगितलं होतं. तिनं अडीच पानं लिहून आणली. परतताना बसमध्ये बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपतात, आणि जिचा थांबा येतो ती दुसरीचं डोकं अलगद खिडकीला टेकवून उतरते, असं तिनं त्यात लिहिलं होतं. शब्द तोडके होते, क्रियापदं कुठल्या कुठं गेली होती, पण बस दिसत होती. मी त्यात एकतीस लाल गोल काढले. मोजून एकतीस, कारण खाली आकडा लिहायची मला सवय आहे. त्या खांद्यांविषयी मी एक शब्द बोलले नाही. पुढच्या वेळी तिनं एक पान लिहिलं. मग अर्धं. आषाढ लागेपर्यंत ती सहा-सात ओळींवर आली होती आणि तिचे लाल गोल दोनतीनवर आले होते. मला ती प्रगती वाटली. मी तिला शाबासकी दिली.

इकडे लावणी तोंडावर आली होती. माल्याला आमच्या आळीत अजून सावड आहे. बाकी गावातून ती जवळजवळ गेली, जमिनीच गेल्या तर सावड कुठून राहणार. पण आमच्या आळीतली नऊ घरं अजून सावडीनं लावणी करतात. आज तुमच्या खाचरात सगळ्या घरच्या बायका, उद्या आमच्या खाचरात. कोणी कोणाला मजुरी देत नाही. कोणाचं खाचर मोठं, कोणाचं चार हात, तरी कोणी बोलत नाही. कोणाकडे कधी जायचं ते ठरवतात हौसाक्का. त्या आमच्या शेजारच्या, सत्तरीच्या, आणि त्यांच्या शब्दापुढे आळीत कोणी जात नाही. रंजनाच्या घरची पाळी पेपरच्या दोन दिवस आधी होती. पण मध्येच असा पाऊस लागला की दोन दिवस बांध फुटायची वेळ आली, कोणालाच खाचरात उतरता आलं नाही, आणि सगळ्या पाळ्या दोन दिवसांनी पुढं सरकल्या. रंजनाची पाळी नेमकी पेपरच्या दिवशी आली.

मी त्या संध्याकाळी माल्याला गेले ती भांडायच्या तयारीनंच. दत्ता ओसरीवर दोऱ्या वळत बसला होता. हौसाक्का उंबऱ्याशी टेकल्या होत्या. रंजना आत चुलीपाशी होती.

"ताई, तिनं पेपर देऊ नये आसं मी म्हनत न्हाई," दत्ता म्हणाला. "पन आठ घरच्या बाया यायच्या आन आपल्या खाचरात आपल्याच घरचं बाईमाणूस न्हाई. बरं दिसंल का?"

"मग एखादा दिवस पुढं ढकला."

"रोपं उपटून ठेवल्यात. चिखलनी झालीया. रोप काय परीक्षेसाठी थांबतंय व्हय?"

"मजूर लाव मग. तुझ्या वरच्या खोल्यांत बिहारची पोरं राहतात, त्यांना येत असेल."

"त्यांना आपल्यापरास बरं येतं. पन सावडीत मजूर चालत न्हाई."

"का चालत नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला त्या क्षणी सावड, पाऊस, बोर्ड, कारखाना, सगळ्यांचा सारखाच राग आला होता.

हौसाक्का शांतपणे म्हणाल्या, "माणसाला माणूस लागतं बाई. आमी काय रोजावर येतोय का?" आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू ये की. तू बी घरचीच लेक हायेस. तुझा त्या दिवशी वर्ग नसतोय म्हनं."

हे त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. आत चुलीपाशी भांडी वाजायची थांबली होती. मी हो म्हटलं. बावीस वर्षांत माझे पाय चिखलात गेले नव्हते. घरी परत येताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला. एवढी शिकलेली बाई भावजयीच्या पेपरसाठी खाचरात उतरते आहे, असं काहीतरी मनात चाललं होतं.

पेपरच्या दिवशी मी किरकोळ रजा टाकून सकाळीच गेले. रंजना इस्त्रीची साडी नेसून तयार होती. हॉलतिकीट आणि दोन पेनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं ती पिशवी पोटाशी धरली होती. निघायच्या आधी तिनं सगळ्यांचं जेवण करून ठेवलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, काळ्या वाटाण्याचं कालवण, सुकट. मी तिला काय सांगितलं? मी सांगितलं, "न मोजायच्या नावांकडे लक्ष ठेव." तिनं मान डोलावली आणि ती पावसात निघून गेली.

खाचरात उतरले आणि पहिल्या दहा मिनिटांत माझी कंबर बोलायला लागली. पाणी थंडगार, खाली चिखल पोटऱ्यांपर्यंत धरून ठेवणारा, पाठीवर मेणकापडाचा ताडताड आवाज. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं तीन काड्या वेगळ्या करायच्या, वीतभर अंतर सोडून चिखलात खोचायच्या, आणि मागं सरकायचं. हौसाक्कांनी मला एवढंच सांगितलं होतं, तीन काड्या, वीतभर अंतर. मी तेच करत होते. एक, दोन, तीन, खोच. वीत मोज. एक, दोन, तीन, खोच. बाकीच्या बायका गप्पा मारत मारत माझ्या दहा हात मागं सरकल्या होत्या आणि मी त्यांच्या लावलेल्या हिरव्या ओळींमध्ये एकटीच उभी होते.

"मोजतीस का काय तू?" हौसाक्कांनी तिकडून विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, तीन काड्या."

"आगं, तीन म्हनलं त्ये तुला सांगायला. सांगायचं तर काय तरी आकडा सांगावा लागतो. हाताला येत्यात तेवढ्या लाव. कवा दोन येत्यात, कवा चार. भाताला काय फरक पडत न्हाई."

बायका हसल्या नाहीत. माझ्या ओळीतली बरीच रोपं नीट न खोचल्यामुळे सुटून पाण्यावर तरंगत होती. शेजारच्या ओळीतली बाई बोलणं न थांबवता ती उचलायची आणि परत लावायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी किती चुकले ते तिनं मोजलं नसावं.

मी सरळ उभी राहिले, कंबरेवर हात ठेवून. तीन म्हणजे तुला सांगायला. मी स्वतः इंग्रजी बोलते तेव्हा कुठं मोजते? तोंडातून वाक्य निघून जातं, आणि कोणी विचारलं तर नियम मागाहून आठवतो. तो नियम सांगण्यापुरता आहे. हे मला माहीत होतं, आणि तरी आठ आठवडे मी त्या बाईला एकेक काडी मोजायला लावली होती. व्याकरणाच्या त्या प्रश्नाला गुण किती, तर हाताच्या बोटांवर येतील एवढे. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी ती आली की तिला सांगायचं, असं मी ठरवलं. तुझा पायलीचा नियम माझ्यापेक्षा चांगला होता. त्या बसमधल्या बायकांविषयी तू लिहिलं होतंस ते मला अजून आठवतं. चूक होऊ दे, भरपूर लिही. मनात वाक्यं जुळवली आणि मग लक्षात आलं की अकरा वाजून गेले आहेत आणि पौडला परीक्षेच्या वर्गात पेपर वाटून झालेला आहे.

जेवणं बांधावर झाली. पाऊस कालवणात पडत होता आणि कोणी त्याची पर्वा करत नव्हतं. दुपारनंतर मी मोजायचं सोडून दिलं. मला जमायला लागलं असं मी म्हणणार नाही, पण माझी रोपं तरंगायची थांबली.

साडेतीनच्या सुमारास रंजना आली. घरी न जाता ती सरळ खाचरावर आली. प्लॅस्टिकची पिशवी बांधावरच्या दगडाखाली ठेवली, इस्त्रीच्या साडीचा काचा मारला आणि माझ्या शेजारी पाण्यात उतरली. तिचे हात इतके भराभर चालत होते की मला क्षणभर परीक्षेचं विसरायला झालं.

"कसा गेला?" मी विचारलं.

"बरा गेला. धड्यांवरचं समदं आलं. रिकाम्या जागा बी भरल्या."

"आणि पत्र?"

ती वाकूनच म्हणाली, "पत्र न्हाई लिवलं."

"का? कशाचं होतं?"

"मैतरणीला आपल्या गावाला बोलवायचं व्हतं. पावसाळ्यात ये म्हनून."

"मग? हे तर तुला येणारं."

"आलं की. काय लिवायचं त्ये समदं ठावं व्हतं. पन लिवाया घेतलं आन भात आला, पानी आलं, चिखल आला, काम आलं. कुटं काय लावायचं आन कुटं न्हाई, काय बी उमगंना." तिनं एक ओळ पुरी केली आणि मागं सरकली. "चार डाव सुरुवात केली, चार डाव खोडली. मंग ऱ्हाऊ दिलं. तुमीच म्हनला व्हता ना ताई, ठाम येत नसंल तर लिवू नको म्हनून."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी नुसतीच उभी आहे असं बघून तिनं माझ्या हातातली मूठ काढून घेतली आणि माझी ओळ पण ती लावायला लागली.

मी असं कधी म्हणाले ते मला आजही आठवत नाही. म्हणाले असणार. वर्गात मी रोजच म्हणते. सकाळपासून जुळवलेलं एकही वाक्य मी तिला सांगू शकले नाही, कारण ती सगळी वाक्यं आता तिला कळवून काही उपयोग नव्हता.

पत्र पाच गुणांचं होतं. निकाल लागला तेव्हा रंजना तीन गुणांनी राहिली. गणपतीनंतर तिच्या जागेवर दुसरी मुलगी आली. रंजना आता पिरंगुटला, वेगळ्या कारखान्यात, पुन्हा ठेकेदाराकडेच जाते, आणि परत फॉर्म भर म्हटलं की हसून दुसरं काहीतरी बोलते. निकालाच्या दिवशी दत्तानं ओसरीवर मला विचारलं, "ताई, तू तर रोज शिकवत व्हतीस. कुटं चुकलं?" हौसाक्काही तिथं होत्या. मी म्हटलं की मुळात तिचं इंग्रजी जरा कच्चं होतं, एवढ्या थोड्या दिवसांत ते व्हायचं नव्हतं. रंजना दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि मान डोलावली, "व्हय, कच्चंच हाय माजं."